मिनीची रबरं : काय बदललं, काय ठेवलं

२ नोव्हेंबर

काकांची मिनी, म्हणजे ती चिमुकली ब्रिटिश मोटार, अखेर माझ्या ताब्यात आली. १९७८ची, मिनी १०००, दहा इंची चाकं. इंजिन गोड चालतंय. तक्रारी तीन आहेत. स्पीडब्रेकर ओलांडताना पुढून उजवीकडून ‘ठक्क’ असा आवाज येतो. ब्रेक मारला की नाक डावीकडे वळतं. आणि एकूण गाडी इतकी कडक झालीय की रस्त्यावरचा प्रत्येक खडा मोजता येतो.

ज्याला विचारलं त्याने एकच सल्ला दिला : “जुनी गाडी आहे, सगळी रबरं काढून नवी टाक.” सल्ला सोपा आहे, पण मला पटत नाही. एकतर सगळं एकदम बदललं की दोष कुठे होता ते कधीच कळत नाही. दुसरं म्हणजे नवं रबर जुन्यापेक्षा चांगलंच असेल याची कुणी हमी देत नाही. म्हणून ही वही. जे बदलीन त्याचं कारण आधी लिहीन, मगच पाना उचलीन.

मिनीच्या बाबतीत हा प्रश्न जरा जास्तच अवघड आहे, कारण इतर गाड्यांत रबर हे सांध्यातलं गादीचं काम करतं, मिनीत मात्र स्प्रिंगच रबराची आहे. कॉइल नाही, पाटे नाहीत. प्रत्येक चाकामागे दोन लोखंडी भागांमध्ये चिकटवलेला रबराचा एक जाड कोन (म्हणजे शंकू), आणि त्याला दाबणारा कर्ण्याच्या आकाराचा ॲल्युमिनियमचा दांडा. ही कल्पना ॲलेक्स मोल्टन यांची. त्यांचे पणजोबा स्टीफन मोल्टन यांनी १८४८ साली इंग्लंडात ब्रॅडफर्ड-ऑन-एव्हनला रबराचा कारखाना काढला होता, त्यामुळे रबर हे घरातच होतं म्हणा ना. १९५९ साली मिनी बाजारात आली तेव्हा तिचे रचनाकार ॲलेक इसिगोनिस यांना जागा वाचवायची होती आणि दुसरी एक अडचण सोडवायची होती : गाडी जेमतेम सहाशे किलोची, त्यात चार माणसं बसली की वजन एकदम निम्म्याने वाढणार. साधी स्प्रिंग रिकाम्या गाडीला बरोबर बसवली तर भरलेल्या गाडीत लोळण घेते. रबराचा कोन जितका दाबावा तितका जास्त कडक होत जातो. त्यामुळे एकटा माणूस बसो की अख्खं कुटुंब, कोन दोघांनाही सांभाळून घेतो.

हा गुण नवेपणी. म्हातारपणी हाच अंगाशी येतो, ते पुढे कळलं.

४ नोव्हेंबर

आज फक्त मोजमाप. जमीन सपाट आहे असं डोळ्यांना वाटतं, पण डोळ्यांवर विश्वास ठेवला नाही. गवंडी वापरतात तशी पारदर्शक नळी पाणी भरून चारही चाकांपाशी फिरवली. मागच्या उजव्या चाकाखाली जमीन ६ मिलिमीटर खाली निघाली. तिथे प्लायवूडचा तुकडा ठेवला. चारही टायरांत हवा सारखी केली. पेट्रोलची टाकी डिकीत डाव्या हाताला असते, म्हणून किती पेट्रोल आहे तेही लिहून ठेवलं (अर्धी टाकी). गाडी दोनतीन मीटर पुढेमागे ढकलून, चारही कोपरे दाबून सोडले, म्हणजे अडकलेलं सस्पेन्शन आपल्या जागी येतं. मग चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर घेतलं.

पुढे डावं ३२२, उजवं ३२१. मागे डावं ३३१, उजवं ३३६.

गाडी बसलीय हे उघड आहे, पण पुढची दोन्ही चाकं एका मिलिमीटरच्या फरकात! म्हणजे दोन्ही कोन सारखेच म्हातारे झालेत, एकात काही वेगळा दोष नाही, असा निष्कर्ष काढून मी खूश झालो. ‘ठक्क’ बुशमधून, म्हणजे सांध्यांतल्या रबरी गाद्यांमधून, येत असणार.

(नंतरची भर : हा निष्कर्ष साफ चुकीचा होता. खोडत नाही, राहू दे.)

१० नोव्हेंबर

गाडी चार स्टँडवर चढवून खाली शिरलो. दिवा, आरसा, पहार आणि एक जुना टूथब्रश. आधी सगळी बुश घासून स्वच्छ केली. चिखलाखालचं रबर बघून मत बनवणं म्हणजे रजई पांघरलेल्या माणसाची नाडी बघणं.

भेगा सगळीकडेच दिसल्या. पहिल्यांदा घाबरायला होतं. मग नीट बघितलं की लक्षात येतं, भेग म्हणजे लगेच मरण नव्हे. हवेतला ओझोन रबराच्या रेणूंच्या साखळ्या तोडतो, पण जिथे रबर ताणलेलं असतं तिथेच त्याला तड पडते, आणि तीही ताणाच्या आडवी. म्हणून बुशच्या बाहेर आलेल्या ओठावर बारीक जाळी दिसते आणि आत, दाबाखालचं रबर बरेचदा धडधाकट असतं. बारीक सुई घेऊन भेगांची खोली बघितली. अर्ध्या मिलिमीटरवर तळ लागला तर मी ते सोडून देतो. भेग वर्तुळासारखी लोखंडाच्या कडेने फिरत असेल, म्हणजे रबर धातूपासून सुटत असेल, तर मात्र ते बुश संपलं, मग वरून कितीही काळंभोर आणि गुळगुळीत दिसो. शॉकअपच्या खालच्या-वरच्या बुशांची जाळी नुसती वरवरची आहे. ती राहतील.

खरी परीक्षा हलवून. लेकीला आत बसवून ब्रेक दाबून धरायला सांगितला (त्याआधी गाडी चाकांवर उतरवली, पुढची दोन चाकं जाड फळ्यांवर, म्हणजे खाली डोकं घालता येतं). मी पुढच्या डाव्या टाय-बारच्या टोकाशी नाक लावून पडलो आणि एका मित्राला गाडी पुढेमागे हलवायला लावली.

“बाबा, अजून किती वेळ?”

“दाबून धर, सोडू नकोस.”

टाय-बार म्हणजे चाकाला धरणाऱ्या खालच्या आर्मला पुढून ओढून धरणारी सळई. ती सबफ्रेमच्या (सस्पेन्शन जिच्यावर बसतं त्या लोखंडी चौकटीच्या) भोकातून जाते आणि भोकाच्या दोन्ही बाजूंना रबराची एकेक चकती असते. गाडी हलली की उजवीकडची सळई जेमतेम हलत होती. डावीकडची मात्र चांगली पाच मिलिमीटर मागे सरकत होती, आणि परत येताना पुढची चकती तोंड उघडल्यासारखी सबफ्रेमपासून सुटत होती. ब्रेक मारला की डावं चाक मागे जातं, चाकाची दिशा बदलते, नाक डावीकडे. दुसऱ्या तक्रारीचं मूळ सापडलं.

डाव्या खालच्या आर्मच्या आतल्या टोकाला दुसरी गंमत. पहारीने हलकेच उचकलं तर आर्म उजव्यापेक्षा दुप्पट हलला. तिथलं रबर भेगाळलेलं नाही, उलट फुगलंय, मऊ आणि चिकट झालंय. बोट लावलं तर काळा डाग सुटला. हे वयाचं काम नाही, तेलाचं आहे. नैसर्गिक रबर तेल पितं आणि फुगतं. वर बघितलं तर डिफरन्शियलच्या (दोन्ही चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरच्या) डाव्या बाजूच्या सीलमधून तेल पाझरून थेंब थेंब आर्मवर पडतंय. (मिनीत इंजिन, गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल सगळ्यांचं तेल एकच, त्यामुळे गळतीचं कोडं सोडवणं सोपं. तेल आहे म्हणजे इंजिनाचंच आहे!) नुसतं बुश बदललं असतं तर वर्षभरात तेही फुगलं असतं. सील आधी.

११ नोव्हेंबर

सुटे भाग मागवले : डाव्या-उजव्या टाय-बारच्या चकत्या, दोन्ही खालच्या आर्मची बुश, डाव्या बाजूचं सील. बुशचा एक संच अगदी मूळ खोक्यातला, कधी न वापरलेला मिळत होता. खोक्यावरचा कागद पिवळा पडलेला, विकणारा त्यालाच मोठेपणा समजत होता. नको म्हटलं. रबर कपाटातही म्हातारं होतं. साठवणुकीसाठी आयएसओ २२३० नावाचं मानक आहे, त्यात नैसर्गिक रबराच्या गटाला ५ वर्षं आणि तपासून ठीक वाटलं तर आणखी २ अशी मुदत दिलीय. चाळीस वर्षांचं कोरं बुश म्हणजे कोरं नव्हे.

पॉलियुरेथेनही (रबरासारखं, पण जास्त कडक प्लॅस्टिक) सुचवलं गेलं. टिकतं, तेलाला घाबरत नाही. पण टाय-बारची सळई चाकाबरोबर वर-खाली वाकडी होते, तिला थोडं डोलू देणं हेही त्या चकतीचं काम आहे. फार कडक चकती घातली तर सगळा ताण सळईवर येतो. रस्त्यावरच्या गाडीत तिथे रबरच बरं, असं माझं मत. शर्यतीची गाडी असेल तर गोष्ट वेगळी.

१८ नोव्हेंबर

सील बदललं. त्यात दीड दिवस गेला, त्याची कहाणी कधीतरी. डाव्या-उजव्या आर्मची बुश आणि टाय-बारच्या चकत्या नव्या बसल्या. खालच्या आर्मचं बुश दोन तुकड्यांत येतं, आर्मच्या डोळ्यात दोन्ही बाजूंनी एकेक. साबणाचं पाणी लावून दाबलं की बसतं. ग्रीस लावायचा मोह होतो, लावू नये. १० तारखेच्या नोंदीतलं तेलाचं प्रकरण आठवावं.

रात्री साडेनऊ वाजता शेवटचा नट आवळला. समाधानाने हात धुतले.

१९ नोव्हेंबर

सकाळी उठल्याबरोबर लक्षात आलं की नट चाकं लोंबकळत असताना आवळले. गाढवपणा.

रबरी बुशमध्ये पिन फिरत नाही, रबरच पिळलं जातं. चाक लोंबत असताना नट आवळला की रबर त्या स्थितीत जखडलं जातं, आणि गाडी जमिनीवर उतरली की ते कायमचं पिळलेल्या अवस्थेत राहतं. वर खड्डा आला की आणखी पिळ. अशी नवी बुश काही महिन्यांत फाटतात आणि मग लोक म्हणतात, हल्लीचे पार्ट हलके येतात.

गाडी चाकांवर उभी केली, फळ्यांवर चढवली, खाली शिरलो आणि डाव्या पिनचा नट सैल केला. अर्धा फेरा झाला आणि आतून ‘चर्रर्र’ करत रबर स्वतःहून फिरलं. आर्म आपल्या जागी आला. उजवीकडे तसंच. गाडी चारदा दाबून सोडली, मग पुन्हा आवळले.

फेरी मारली. ब्रेक मारला, नाक सरळ. दुसरी तक्रार मिटली. ‘ठक्क’ मात्र तसाच, उजवीकडूनच. आणि कडकपणाही तिळमात्र कमी नाही.

२५ नोव्हेंबर

आठवडाभर डोक्यात एकच : उजवीकडचं बुश नवं, टाय-बारच्या चकत्या नव्या, शॉकअप ठीक, बॉल-जॉइंटला खेळ नाही, मग आवाज कुठून? आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असं तर चाललं नाहीये ना?

दुपारी जुनी नोंद वाचताना पुढचे आकडे पुन्हा बघितले. ३२२ आणि ३२१. गाडी उजव्या हाताची. काकांनी ती आयुष्यभर बहुतेक एकट्यानेच चालवली. चालक उजवीकडे बसतो, रोजचं वजन उजव्या कोनावर. मग उजवं चाक डाव्याइतकंच वर कसं? मागे तर उजवं डाव्यापेक्षाही ५ मिलिमीटरने वर आहे, पण तिथे डावीकडे टाकीचं ओझं आहे, ते समजू शकतं. पुढचं समजत नाही.

उंची गाडी कुठे उभी आहे ते सांगते, रबर किती शिल्लक आहे ते सांगत नाही. म्हणून आज वजनाची परीक्षा. बॉनेट काढलं, उजव्या सस्पेन्शन टॉवरच्या (कोन ज्यात बसतो त्या खांबाच्या) डोक्यावर आडवी फळी ठेवली (मडगार्डवर वजन ठेवलं असतं तर पत्रा गेला असता) आणि वीस-वीस किलोच्या दोन वाळूच्या पिशव्या चढवल्या. गाडी थोडी हलवली, अंतर मोजलं, पिशव्या उतरवल्या, पुन्हा मोजलं. दर बाजूला तीनदा.

डावं चाक : ४० किलोला १३ मिलिमीटर खाली. उजवं : ६.

म्हणजे उजव्या कोनात लवचीकपणा उरलेलाच नाही. तो आधीच इतका चेपलाय की त्याच्या सगळ्यात कडक भागात जगतोय. कोन जितका दाबावा तितका कडक होतो, हा जो गुण मी पहिल्या दिवशी कौतुकाने लिहिला तोच इथे उलटला. पण मग उंची सारखी कशी?

२ डिसेंबर

पुढचा उजवा कोन उघडला. हे काम सांभाळून करायचं. कोन दाबलेल्या अवस्थेत असतो आणि त्यात साठलेली ताकद हाडं मोडण्याइतकी असते. टॉवरच्या डोक्यावरचा मोठा बोल्ट काढून त्या भोकातून खास दाबयंत्र घालतात, त्याची आट्याची सळई कोनच्या मध्यात बसते. आधी आपल्या कोनचे आटे इंची आहेत की मेट्रिक ते बघायला हवं, दोन्ही प्रकार आहेत. चुकीची सळई दोन फेरे जाते आणि बसल्यासारखी वाटते, तेच धोकादायक. मी ती हाताने निदान आठ फेरे आत गेल्याशिवाय पाना लावला नाही. मग कोन हळूहळू वर ओढून घेतला, वरच्या आर्मवरचा भार जाईपर्यंतच, एक फेराही जास्त नाही.

आर्म सोडवून कर्णा खाली ओढला. हातात आला तेव्हा त्याच्या टोकातून नकलची (कर्णा आणि आर्म यांच्यातल्या गोळा-वाटीच्या सांध्याची) दांडी निघाली आणि दांडीवर चढवलेले तीन वॉशर.

तिथे एकही नसतो.

प्रत्येक अडीच मिलिमीटरचा, एकूण साडेसात. मिनीत पुढच्या कोनाचं आणि चाकाचं गुणोत्तर सुमारे एकास तीन आहे : कोनापाशी एक मिलिमीटर म्हणजे चाकापाशी तीन. साडेसातचे झाले बावीस. म्हणजे वॉशर नसते तर उजवं चाक ३२१ नव्हे, ३००च्याही खाली असतं. कुणीतरी मेलेल्या कोनाला टाचेत पुठ्ठा घालून उंच केलं होतं.

काकांना फोन लावला.

“काका, उजवीकडे वॉशर तुम्ही घातलेत का?”

“कुठले वॉशर?” थोडा वेळ शांतता. “अरे हो! चाक मडगार्डला घासायचं तेव्हा. घातले आणि थांबलं घासायचं. किती वर्षं झाली त्याला, तुला मिसरूडही फुटलं नव्हतं.”

“पण मग गाडी कडक झाली नाही का?”

“कडक होतीच की. मिनी आहे ती.”

यावर काय बोलणार?

नवा आणि जुना कोन फरशीवर शेजारी ठेवले. फरक बघायला फूटपट्टी लागत नाही. जुना उजवा जवळपास बोटाच्या पेराइतका बुटका, त्याच्या कडेला रबराला वळ्या पडलेल्या, दाबून सपाट झालेल्या उशीसारखा. वरचं रबर मात्र जवळजवळ निर्दोष, एकही मोठी भेग नाही! आत चिखल-ऊन पोचत नाही, त्यामुळे बाहेरून दिसायला तो कुठल्याही बुशपेक्षा तरुण. अंगठ्याने दाबला तर दगड. नख रुतत नाही. बुशवरच्या भेगा मोजत बसलो तेव्हा खरा रोगी आत, सावलीत, चकाकत बसला होता.

‘ठक्क’चं कोडंही इथेच सुटलं. नकलच्या प्लॅस्टिकच्या वाटीला गोळ्याने आरपार भोक पाडलंय. गोळा सरळ धातूवर. कोन लवत नव्हता, म्हणून प्रत्येक धक्का वाटीने खाल्ला, आणि वाटी संपल्यावर आवाज सुरू झाला. ग्रीसचा मागमूस नाही, धूळरोधक टोपी फाटलेली.

३ डिसेंबर

डावा कोनही उघडला. वॉशर नाहीत, नकल ठीक. कोन नव्यापेक्षा बुटका, पण दाबला तर दाद देतो. १३ मिलिमीटरचा आकडा खोटा नव्हता. एकटा असता तर अजून काही वर्षं ठेवला असता. पण एका बाजूला नवं आणि दुसऱ्या बाजूला जुनं असं पुढच्या कोनांचं चालत नाही, गाडी तिरकी उभी राहील आणि वळणावर दोन वेगळ्या गाड्यांसारखी वागेल. दोन्ही बदलले. डावा जुना कोन तारीख लिहून फळीवर ठेवलाय, टाकलेला नाही.

नवे नकल ग्रीस भरून बसवले. गोळा वाटीत ‘टक्’ असा बसतो, तो आवाज ऐकल्याशिवाय गाडी उतरवू नये. नीट न बसलेला गोळा जॅकवर गाडी उचलताना बाहेर येतो आणि वाटीच्या कडेवर बसतो. हे मागे एका मित्राच्या गाडीवर बघितलंय, तो तास दीड तास स्प्रिंग तुटली म्हणून शोधत होता.

वरच्या आर्मच्या निपलांना ग्रीस दिला. आर्मच्या आत रबर नाही, सुईच्या बेअरिंग आहेत, त्या कोरड्या पडल्या की सस्पेन्शन जड होतं आणि दोष कोनावर जातो.

मोजमाप : पुढे ३५९ आणि ३५८. मागे तेच. गाडी नाक वर करून उभी आहे, बोकड माजावर आल्यासारखी. लेक हसून हसून दमली. नवे कोन बसतात, काही आठवडे लागतात. आत्ता पुढची चाकं जुळवण्यात अर्थ नाही, उंची बदलली की कॅम्बर (चाकाचा आत-बाहेरचा कल) आणि टो (चाकांची दिशा) दोन्ही हलतात.

फेरीत ‘ठक्क’ गायब. पहिल्या स्पीडब्रेकरवर मी सवयीने दात आवळले होते.

९ डिसेंबर

मागची बाजू. मागे दाबयंत्र लागत नाही, शॉकअपचं खालचं टोक सोडवून आर्म पूर्ण खाली घेतला की कर्णा हाताने निघतो. डाव्या शॉकअपचा वरचा नट पेट्रोलच्या टाकीमागे लपलेला असतो, पण खालूनच सोडवायचं असल्याने त्याला हात लावावा लागला नाही.

मागे गुणोत्तर एकास पाच आहे, म्हणजे कोनातला एक मिलिमीटरचा बदल चाकापाशी पाच होऊन दिसतो. या हिशेबाने ३३१ आणि ३३६ यांतला फरक कोनापाशी फक्त एका मिलिमीटरचा, आणि डावीकडे टाकी. वजनाची परीक्षाही घेतली, दोन्ही बाजू ४० किलोला चांगल्या दबल्या, एकमेकींच्या जवळच. वॉशर कुठेही नाहीत (आता आधी तेच बघतो). कोन बाहेर काढून दाबले, मऊ आहेत, धातूला घट्ट चिकटलेत. काका एकटे फिरायचे, मागची सीट रिकामी, त्यामुळे हे फारसे दमलेच नाहीत. तेच परत बसवले. नकल धुवून, नवं ग्रीस आणि नव्या टोप्या.

मागच्या सबफ्रेमची चार टोकं रबरावर बसतात, ती पहारीने तपासली. मागच्या बाजूच्या दोघांत थोडी हालचाल आहे, रबर धातूपासून सुटलेलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा बघायचं. त्या बोल्टांना आजच गंजरोधक तेल मारलं असतं, पण रबरावर सांडलं असतं. सुका मेणाचा फवारा मारला.

२१ जानेवारी

सहा आठवडे आणि साधारण नऊशे किलोमीटर. पुढे ३४२, ३४१. मागे ३३०, ३३५. गेल्या दहा दिवसांत आकडा हललेला नाही, म्हणजे कोन बसले. आज चाकं जुळवून घेतली : पुढे १/१६ इंच, म्हणजे दीड मिलिमीटरच्या आसपास टो-आउट. पुढच्या चाकांनी ओढणाऱ्या या गाडीत चालताना बुश दबतात आणि चाकं आत वळतात, म्हणून उभ्या गाडीत ती किंचित बाहेर. बुश ढिली असताना ही जुळणी करून घेतली असती तर तो फुकटचा खर्च झाला असता.

वाळूच्या पिशव्या पुन्हा चढवल्या. डावं १५, उजवं १६.

डावं सील कोरडं. डाव्या आर्मचं बुश कोरडं. सबफ्रेमच्या आतल्या बाजूला, जिथे पुढच्याला दिसेल तिथे, पांढऱ्या रंगाने लिहून ठेवलं : पुढचे कोन नवे, वॉशर नाहीत, आणि खाली महिना-वर्ष.

संध्याकाळी काका आले. चक्कर मारून आले, उजव्या सीटवर तसेच बसून राहिले. काच खाली करून म्हणाले, “मऊ केलीस रे फार. माझी गाडी अशी नव्हती.”

“उतरू नका काका, दोन मिनिटं.” फूटपट्टी घेऊन वाकलो. ३३२.

“किती?”

“नऊ मिलिमीटर.”

“म्हणजे?”

“म्हणजे तुमचं वजन लागतंय तिला.”